धरणाची नक्कल झाली, व्यवस्था मात्र राहून गेली

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील मागास प्रदेशांच्या विकासाची चर्चा निघाली की कोणी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा दाखला देतो, तर कोणी दक्षिण इटलीतील फसलेल्या कारखान्यांकडे बोट दाखवतो, आणि चर्चा बहुधा तिथेच थांबते. सरकारने पुरेसा पैसा ओतला की मागास प्रदेश वर येतो, असे पहिल्याचे म्हणणे असते. प्रादेशिक योजना म्हणजे सरकारी पैशाचा चुराडा, असे दुसऱ्याचे. या योजनांचा तपशील पाहिला तर दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. माझ्या मते, एका देशाकडून दुसऱ्या देशात गेली ती धरणे, कालवे आणि कारखाने. ते चालवणारी, त्या प्रदेशातील माणसांना त्यांत हक्क देणारी आणि सरकारी पैसा आटल्यावरही टिकून राहणारी व्यवस्था जिथल्या तिथेच राहिली. आज अनेक विकसनशील देश कर्ज काढून महाकाय धरणे, औद्योगिक कॉरिडॉर आणि विशेष आर्थिक क्षेत्रे उभारत असताना हा फरक नजरेआड होणे फार महागात पडेल, म्हणून हा पत्रप्रपंच.

टेनेसी खोऱ्याची गोष्ट सहसा धरणांच्या यादीनेच सांगितली जाते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १८ मे १९३३ रोजी ‘टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी’ (टेनेसी खोरे प्राधिकरण) या सरकारी संस्थेच्या कायद्यावर सही केली तेव्हा सात राज्यांत पसरलेले हे खोरे अमेरिकेतील अत्यंत गरीब भागांपैकी एक होते, पुराने आणि धुपीने जमिनी खंगल्या होत्या, हिवतापाने काही भागांत तीन माणसांमागे एकाला ग्रासले होते आणि शंभर शेतघरांपैकी जेमतेम तीन-चार घरांत वीज होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत प्राधिकरणाने धरणांची मालिकाच उभी केली, हे खरे. परंतु धरणावर निर्माण झालेली वीज शेतकऱ्याच्या घरात कशी पोहोचली, हा या गोष्टीचा अधिक महत्त्वाचा आणि क्वचितच सांगितला जाणारा भाग आहे. प्राधिकरणाने वीज घाऊक विकली आणि वितरणाचे काम नगरपालिकांकडे व ग्राहकांच्या सहकारी संस्थांकडे सोपवले. फेब्रुवारी १९३४ मध्ये मिसिसिपी राज्यातील टुपेलो हे गाव प्राधिकरणाची वीज विकत घेणारे पहिले शहर ठरले. देशातील सरासरी दर त्या वेळी युनिटला साडेपाच सेंटांच्या आसपास असताना येथे पहिल्या पन्नास युनिटांना तीन सेंट दर ठेवला गेला आणि वापर वाढेल तसा तो उतरत जाईल अशी रचना केली गेली; म्हणजे गरीब कुटुंबाला जास्त वीज वापरणे परवडावे, हे दरपत्रकातच लिहिलेले होते. तरीही नुसती स्वस्त वीज घेऊन करायचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी फ्रिज, शेगडी, पाण्याचा पंप यांसारखी उपकरणे हप्त्याने घेता यावीत म्हणून स्वतंत्र वित्तसंस्था काढण्यात आली. धरण, तारा, दर आणि कर्ज या चारही कड्या एकाच वेळी जुळवल्या गेल्या.

शेतीच्या बाबतीतही असाच विचार दिसतो. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी मसल शोल्स येथे उभारलेल्या कारखान्यात प्राधिकरणाने फॉस्फेट खतावर काम सुरू केले आणि ते खत प्रात्यक्षिक शेतांना फुकट दिले. मात्र वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याने सोसायचा, वर्षभराच्या हिशेबाची वही ठेवायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपले शेत पाहू द्यायचे, अशा अटी त्याला घातलेल्या होत्या. हिवतापासाठी केलेला उपाय तर फारच साधा होता. डासांच्या हंगामात जलाशयाची पातळी दर आठवड्याला साधारण फूटभर खाली-वर केली जाई, त्यामुळे काठावरच्या गवतात वाढणाऱ्या अळ्या कोरड्यावर पडून मरत. वीजनिर्मिती, पूरनियंत्रण आणि आरोग्य ही तीन खाती वेगवेगळ्या मंत्रालयांत असती तर वीज खात्याने आरोग्य खात्यासाठी दर आठवड्याला पाण्याची पातळी हलवली असती का, याची कल्पना कोणत्याही देशातील सरकारी कारभार जवळून पाहिलेल्या वाचकाला करता येईल. एका खोऱ्यासाठी एक अधिकारी संस्था असण्याचा खरा उपयोग हा होता.

या योजनेचे दोषही लपवण्यासारखे नाहीत. नॉरिस धरणासाठी सुमारे तीन हजार कुटुंबे हलवली गेली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना मोबदला मिळाला, पण कुळाने शेती करणाऱ्यांच्या हाती जमिनीच्या किमतीतले काहीच पडले नाही. धरणाजवळ वसवलेल्या आदर्श नगरात कृष्णवर्णीय कामगारांना घरे दिली गेली नाहीत. शेती कार्यक्रम स्थानिक कृषी महाविद्यालये आणि त्यांच्याशी संलग्न शेतकरी संघटनांच्या हाती गेल्यामुळे त्याचा फायदा तुलनेने सुस्थितीतील गोऱ्या शेतकऱ्यांना अधिक झाला. ‘लोकसहभाग’ हा शब्द उच्चारला की प्रश्न सुटतो, अशी समजूत आजही आहे. आधीच बलवान असलेल्यांच्या संघटनेशी हातमिळवणी केली तर त्यालाही लोकसहभागच म्हटले जाते, एवढे टेनेसीने नक्कीच दाखवून दिले.

आर्थिक परिणामांचा जो काटेकोर अभ्यास पॅट्रिक क्लाइन आणि एनरिको मोरेट्टी या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला, तो विकसनशील देशांच्या नियोजनकारांनी आवर्जून वाचावा असा आहे. केंद्राचा पैसा चालू होता तोवर खोऱ्यात शेतीतील रोजगारही वाढला आणि कारखानदारीतीलही. पैसा थांबल्यावर शेतीतील वाढ विरून गेली. कारखानदारीतील मात्र पुढची कित्येक दशके चालू राहिली, कारण एकमेकांच्या शेजारी उभे राहिलेले कारखाने परस्परांना आधार देत होते. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष कमी सुखावह आहे: उद्योग एकत्र येण्यामुळे खोऱ्याला झालेला हा फायदा देशाच्या उरलेल्या भागांना झालेल्या तोट्याने जवळपास फिटला. देशाच्या एकूण उत्पादकतेत खरी भर पडली ती रस्ते, जलमार्ग आणि वीज यांमुळे. एका प्रदेशाकडे वळवलेला कारखाना म्हणजे दुसऱ्या प्रदेशाला न मिळालेला कारखाना असू शकतो, ही गोष्ट ज्या देशाकडे मोजकेच उद्योग आहेत त्याला तर अधिकच लागू पडते.

टेनेसीचे पहिले मोठे अनुकरण भारतात झाले, आणि त्याचा इतिहास मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा आहे. १९४३ मध्ये दामोदर नदीला आलेल्या महापुरानंतर चौकशी समितीने टेनेसीच्या धर्तीवर संपूर्ण खोऱ्याचा विचार करण्याची शिफारस केली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बंगाल, बिहार आणि केंद्र सरकार यांची परिषद झाली. टेनेसी प्राधिकरणातून आलेले अभियंता व्होर्डुइन यांनी प्राथमिक आराखडा दिला. दहा लाख क्युसेकचा पूर अडीच लाख क्युसेकवर आणण्याचे त्यात गणित होते. ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. इथवर सारे टेनेसीसारखेच होते. पण टेनेसी प्राधिकरण थेट संघराज्याच्या कायद्याने आणि पैशाने चालत होते, तर दामोदरला केंद्र, बिहार आणि पश्चिम बंगाल असे तीन धनी होते. त्यातही बुडणारी जमीन प्रामुख्याने वरच्या अंगाला, बिहारात होती आणि पुरापासून संरक्षण व सिंचन मिळणार होते ते खालच्या अंगाच्या पश्चिम बंगालला. ज्याने द्यायचे तो वेगळा आणि ज्याला मिळायचे तो वेगळा, अशी मांडणी असेल तर वरचा धनी हात आखडता घेणार, हे ओघानेच आले.

झालेही तसेच. तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार धरणे १९५३ ते १९५९ या काळात पुरी झाली. आराखड्यातील उरलेली धरणे महामंडळाच्या हातून उभी राहिली नाहीत. मैथन आणि पंचेत येथे पूर साठवण्यासाठी लागणारी वरच्या पातळीपर्यंतची जमीन पूर्णपणे संपादित झाली नाही, त्यामुळे बांधलेली साठवण क्षमताही पूर्ण वापरता येत नाही. आजही मोठा पाऊस झाला की पाणी कोणी, केव्हा आणि किती सोडले यावरून राज्यांत वाद पेटतो, त्याचे मूळ तिथे आहे. हळूहळू महामंडळाचा तोल औष्णिक विजेकडे गेला, कारण कोळसा जवळ होता, विजेला गिऱ्हाईक होते आणि वीज विकताना कोणत्याही राज्याची मनधरणी करावी लागत नव्हती. ६ डिसेंबर १९५९ रोजी पंचेत धरणाच्या उद्घाटनाला पंडित नेहरूंनी कळ दाबण्याचा मान धरणावर काम करणाऱ्या एका संताळ तरुणीला दिला. त्यामागची भावना खरी होती याबद्दल मला शंका नाही. पण ज्या संताळ गावांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांच्यासाठी महामंडळाच्या कारभारात कायमची जागा ठेवली असती, तर तो मान एका दिवसापुरता राहिला नसता.

१९४० च्या दशकाच्या अखेरीपासून हाच साचा इराणच्या खुझेस्तानात, श्रीलंकेच्या गल ओयात, अफगाणिस्तानच्या हेलमंद खोऱ्यात आणि कोलंबियाच्या कौका खोऱ्यात गेला. हेलमंदमध्ये अमेरिकी कंपनीने धरणे आणि कालवे बांधले, पण निचऱ्याची सोय न पाहताच पाणी सोडल्याने जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या. कौकाचा अनुभव बराच वेगळा आहे. तिथे बाहेरच्या सल्लागारांना बोलावण्यात स्थानिक मंडळींचाच पुढाकार होता, आणि महामंडळाच्या खर्चासाठी त्याच प्रदेशातील जमीन-मालमत्तेवर विशेष कर बसवण्यात आला. मोठ्या जमीनदारांनी त्याला कडाडून विरोध केला, तरी कर टिकला. मला हे उदाहरण फार बोलके वाटते, कारण ज्या संस्थेला आपल्या प्रदेशातून पैसा गोळा करावा लागतो तिला त्या प्रदेशातील लोकांना हिशेबही द्यावा लागतो.

दक्षिण इटलीकडे वळताना आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या ‘कासा पेर इल मेझोजोर्नो’ या निधीची पहिली वर्षे अपयशाची नव्हती. नळपाणी योजना, रस्ते, दलदलीच्या जमिनींची सुधारणा ही कामे दहा वर्षांच्या निश्चित निधीतून, बऱ्यापैकी स्वायत्त तांत्रिक संस्थेमार्फत झाली. १९५० च्या सुरुवातीला उत्तर व मध्य इटलीच्या निम्म्याहून थोडे अधिक असलेले दक्षिणेचे दरडोई उत्पन्न १९७० च्या दशकाच्या प्रारंभी साठ टक्क्यांच्या आसपास आले. १९५७ नंतर धोरण कारखानदारीकडे वळले आणि सरकारी कंपन्यांना नव्या गुंतवणुकीतील मोठा वाटा दक्षिणेतच करण्याचे कायदेशीर बंधन घालण्यात आले. तारांतोचा पोलाद कारखाना हे त्याचे ठळक फळ. भांडवल प्रचंड, पण भोवती त्याला माल पुरवणारे किंवा त्याचा माल वापरणारे छोटे उद्योग फारसे उगवले नाहीत. अशा कारखान्यांना इटालियन लोक ‘वाळवंटातील कॅथेड्रल’ म्हणू लागले. जोया ताउरोला तर पोलाद कारखान्यासाठी संत्र्यांच्या बागा उखडल्या गेल्या, बंदर खोदले गेले, आणि जागतिक पोलाद बाजार कोसळल्याने कारखाना आलाच नाही. पुढे १९९० च्या दशकात त्या बंदरात कंटेनर वाहतूक सुरू झाली, तो योजनेबाहेरचा योगायोग. दरम्यान निधीची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली, नेमणुका आणि कंत्राटे यांत पक्षांचा शिरकाव झाला आणि १९८४ मध्ये निधी गुंडाळला गेला. मुदत ठरलेली होती तोवर संस्था कामाची होती. मुदत सैल झाली तशी ती अनुदाने वाटण्याचे दुकान झाली.

ब्राझीलच्या ईशान्य भागातील अनुभव याहून कडू आहे. तिथे दुष्काळनिवारणासाठी १९०९ पासून सरकारी खाते तलाव बांधत होते, पण तलावाभोवतीची जमीन मोठ्या जमीनदारांची असल्यामुळे पाणीही त्यांचेच झाले. १९५८ च्या दुष्काळानंतर अर्थतज्ज्ञ सेल्सो फुर्तादो यांनी दुखण्याचे अचूक निदान केले आणि १९५९ च्या अखेरीस ‘सुदेने’ ही प्रादेशिक विकास संस्था स्थापन झाली. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, फुर्तादो यांचे राजकीय हक्क काढून घेण्यात आले, आणि त्यानंतर संस्था मुख्यतः करसवलती वाटत राहिली. तो पैसा साल्व्हादोर, रेसिफे आणि फोर्तालेझा या किनारी शहरांतील यंत्रप्रधान कारखान्यांत गेला. आतल्या कोरड्या मुलखातील भूमिहीनाला त्यातून काय मिळणार होते? गैरव्यवहारांच्या आरोपांनंतर २००१ मध्ये सुदेने बंद झाली आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. जमिनीच्या मालकीचा प्रश्न टाळून केलेली सिंचन योजना जमीनदाराच्या जमिनीची किंमत वाढवते. दक्षिण कोरियाने १९७० पासून खेडोपाडी सिमेंटची पोती वाटून ग्रामविकासाची मोहीम चालवली, तिचे गोडवे आज अनेक देशांत गायले जातात. पण त्या खेड्यांत जमिनीचे फेरवाटप आधीच, १९५० च्या सुमारास झालेले होते, याचा उल्लेख क्वचितच होतो. मोहिमेमागे हुकूमशाही राजवटीची सक्ती होती, याचाही नाही.

श्रीलंकेतील गल ओया मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते, कारण एकाच ठिकाणी दोन्ही अनुभव आले. १९४९ मध्ये टेनेसीच्या धर्तीवर मंडळ नेमले गेले, धरण झाले, प्रामुख्याने सिंहली शेतकऱ्यांची वसाहत करण्यात आली, आणि १९५६ मध्ये याच खोऱ्यात तमिळांविरुद्ध भीषण दंगल उसळली. पुढे कालवे इतके मोडकळीस आले की शेपटाकडील, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांना पाणी मिळेना. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी दुरुस्तीच्या कामाबरोबर सुशिक्षित तरुण संघटकांना गावांत राहायला पाठवण्यात आले. त्यांनी प्रत्येक चारीवरील शेतकऱ्यांना एकत्र बसवले, चारी साफ करून घेतली आणि पाण्याच्या पाळ्या ठरवून घेतल्या. कालव्याच्या मुखाजवळच्या शेतकऱ्यांनी टंचाईच्या हंगामात शेपटाच्या लोकांसाठी पाणी सोडले, आणि काही ठिकाणी हे सिंहली व तमिळ शेतकऱ्यांमध्येही घडले. त्याच्या तीस वर्षे आधी, धरणाबरोबरच हे काम झाले असते तर, असे राहून राहून वाटते. धरणाच्या खर्चापुढे अशा संघटकांचा खर्च किरकोळ असतो, आणि अंदाजपत्रकात कात्री लागते ती नेमकी त्यालाच.

आजच्या योजनांकडे या नजरेने पाहावे. इथिओपियाने ब्लू नाईल नदीवरील पाच हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेचे धरण मुख्यतः स्वतःच्या पैशाने उभारले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन केले. या जिद्दीचे कौतुकच केले पाहिजे. पण देशातील जवळपास निम्म्या लोकांच्या घरात अजून वीज नाही. शेजारच्या देशांना वीज विकून परकीय चलन मिळेल, ते आवश्यकही आहे, तरी टुपेलोत १९३४ साली जी चौकट उभी राहिली, म्हणजे स्थानिक वितरण संस्था, परवडणारा दर आणि उपकरणांसाठी कर्ज, तिच्यासाठी वेगळा निधी आणि वेगळी माणसे लागतील. केनियातील लामू बंदर आणि तेथून इथिओपिया व दक्षिण सुदानकडे जाणाऱ्या मार्गांच्या प्रकल्पाचा प्रारंभ २०१२ मध्ये तिन्ही देशांच्या नेत्यांनी केला. बंदरामुळे ज्यांची मासेमारी बुडाली त्या चार हजारांहून अधिक मच्छीमारांना भरपाई देण्याचा निकाल तेथील उच्च न्यायालयाला २०१८ मध्ये द्यावा लागला. भरपाईसाठी न्यायालयात जावे लागणे म्हणजे मूळ आराखड्यात त्या माणसांचा हिशेबच नव्हता असा अर्थ होतो.

टेनेसीची परिस्थिती आज कोणाला लाभणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. अमेरिकेने तो खर्च आपल्याच चलनात केला, भोवती श्रीमंत बाजारपेठ होती आणि पुढे युद्धकाळात अॅल्युमिनियमपासून अणुप्रकल्पापर्यंत सर्वांना तिथली वीज हवी होती. डॉलरमध्ये कर्ज घेणाऱ्या देशाला वीस वर्षे वाट पाहण्याची चैन परवडत नाही. म्हणूनच कर्ज देणाऱ्या बँकांनी आणि घेणाऱ्या सरकारांनी करारातच काही गोष्टी लिहून घ्याव्यात. धरणाच्या पहिल्या हप्त्याबरोबर निचरा, वितरण आणि पाणीवापर संस्था यांचा हप्ता सुटावा. बुडीत क्षेत्रातील प्रतिनिधींना मंडळावर मताधिकारासह जागा मिळावी आणि वरच्या अंगाच्या प्रांताला विजेच्या उत्पन्नात कायमचा हिस्सा मिळावा. देखभालीचा निदान काही भाग लाभक्षेत्रातील कर आणि पाणीपट्टीतून यावा, आणि कारखान्यांना दिलेल्या सवलती संपण्याची तारीख सवलत देतानाच जाहीर व्हावी.

आणखी एक खर्च कोणाच्या ध्यानात येत नाही. टेनेसीत काय साधले आणि काय नाही हे ऐंशी वर्षांनंतर तपासता आले, कारण अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील शेते, कारखाने आणि रोजगार मोजत आली होती आणि योजनेबाहेरच्या जिल्ह्यांचेही आकडे उपलब्ध होते. अनेक विकसनशील देशांत जनगणना लांबते, प्रदेशवार उत्पन्न मोजले जात नाही आणि योजनेचा अहवाल योजना राबवणारी संस्थाच लिहिते. प्रकल्पाचे काम सुरू होण्यापूर्वी, योजनेत असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही प्रदेशांची पाहणी त्या देशाच्या स्वतंत्र सांख्यिकी कार्यालयाने करावी, ती ठरावीक वर्षांनी पुन्हा व्हावी, आणि तिचा खर्च प्रकल्पाच्या कर्जातूनच व्हावा.

आपला विश्वासू,
एक वाचक